हुबेहूब चित्रं काढली म्हणूनच नोकरी गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘हिटलर आणि चित्रकला’ या विषयावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, मेहनत दिसते, पण त्यातलं एक वाक्य मला तीन दिवस टोचतंय म्हणून हे पत्र. वाक्य असं, की हिटलरला मॉडर्न आर्ट आवडत नव्हतं आणि वास्तववादी चित्रं आवडायची, त्यामुळे त्याच्या राज्यात वास्तववादी चित्रकारांची चांदी झाली. आणि त्याच पानावर खाली जर्मन चित्रकार ओटो डिक्सच्या युद्धाच्या चित्राचा फोटो, कॅप्शन काय तर ‘बंदी घातलेलं मॉडर्न आर्ट’. अहो, त्या चित्रात मेलेल्या सैनिकाच्या चामडीवरची भोकंसुद्धा मोजता येतात! याच्याहून वास्तववादी आणखी काय असतं?

मी शाळेत तीस-बत्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली त्याचा हिशोब नाही. आपल्याकडे पालकांना एकच प्रश्न असतो, ‘सर, याला हुबेहूब जमतं का?’ हुबेहूब जमलं की पोरगा गुणी, नाही जमलं तर वाकडं काढतो त्याला मॉडर्न म्हणायचं. तुमच्या लेखकानं तीच फूटपट्टी जर्मनीला लावलीय असं मला वाटतं. एका बाजूला पिकासोसारखं वाकडं, दुसऱ्या बाजूला सरळ, आणि हुकूमशहाला सरळ आवडतं. इतकं सोपं असतं तर डिक्सची नोकरी गेली नसती.

डिक्स १८९१ साली गेरा गावाजवळ जन्मला. वडील लोखंडाच्या फाउंड्रीत कामगार, आई शिवणकाम करायची, म्हणजे घरात पैसा नाही. आधी भिंती रंगवणाऱ्या, डेकोरेशन करणाऱ्या पेंटरकडे उमेदवारी केली आणि मग ड्रेस्डेनला कलाशाळेत गेला. १९१४ ला पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा स्वतःहून भरती झाला, कुणी ओढून नेलं नव्हतं हे लक्षात घ्या. मशीनगनवर होता, फ्रान्समधली सोमची लढाई पाहिली, बेल्जियममधलं फ्लँडर्स पाहिलं, मानेला जखम झाली, आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. आणि खंदकात बसल्या बसल्या शेकडो स्केचेस केली.

परत आल्यावर त्याने जे काढायला सुरुवात केली ते लोकांना बघवत नव्हतं. १९२० चं चित्र, रस्त्यावरून चाललेले युद्धातले पांगळे सैनिक, कुणाला लाकडी पाय, कुणाचा जबडा गेलेला. मग ‘खंदक’ नावाचं मोठं चित्र, १९२३ ला पुरं झालं, कोलोनच्या म्युझियमनं विकत घेतलं आणि इतकी बोंबाबोंब झाली की ते पडद्यामागे ठेवायला लागले, शेवटी १९२५ ला सौदाच रद्द. तेव्हा कोलोनचे महापौर कोण होते माहितीय का, कॉनराड आडेनावर! हेच पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सलर झाले, नाझींचे विरोधक म्हणून नाव असलेले. म्हणजे सगळं हिटलरच्या माथी मारायचीही गरज नाही, ते चित्र सभ्य माणसांनाही नकोच होतं. त्याच्या आदल्या वर्षा-दोन वर्षात बर्लिनमध्ये एका चित्रावरून अश्लीलतेची केस पण झाली होती, त्यातून तो सुटला.

१९२४ ला त्याने ‘युद्ध’ नावाची पन्नास एचिंग्जची मालिका केली. इथे मी जरा थांबतो कारण मला स्वतःला पेंटिंगपेक्षा ही एचिंग्ज जास्त भारी वाटतात. ज्यांनी एचिंग केलंय त्यांना कळेल, तांब्याच्या किंवा जस्ताच्या प्लेटवर मेणासारखा थर देऊन सुईनं ओरखडायचं आणि मग ॲसिडमध्ये बुडवायचं, ॲसिड जिथे ओरखडा तिथे खातं. डिक्सनं काही ठिकाणी ॲसिडला इतकं खाऊ दिलंय की प्लेट कुजल्यासारखी दिसते, म्हणजे विषयही कुजलेलं प्रेत आणि मेटलही कुजलेलं. खंदकात जेवणारा सैनिक आहे एका चित्रात, शेजारी हाडांचा सापळा आणि हा मजेत डब्यातलं खातोय. यात वाकडंतिकडं काही नाही हो, जे होतं ते आहे.

पुढच्याच वर्षी, १९२५ ला, मानहाइमच्या कलादालनात हार्टलाउब नावाच्या संचालकानं एक प्रदर्शन भरवलं आणि या सगळ्या लोकांना एक नाव दिलं, नोये झाखलिशकाइट, आपण नवी वस्तुनिष्ठता म्हणू. म्हणजे त्या काळातला जर्मन वास्तववाद तो हाच, आणि डिक्स त्याचं सगळ्यात मोठं नाव. (१९३३ ला हार्टलाउब यांचीही नोकरी गेली, हे जाता जाता.)

आता करिअर बघा. १९२७ ला डिक्स ड्रेस्डेन अकादमीत प्रोफेसर झाला, फाउंड्री कामगाराचा मुलगा. १९३१ ला प्रशियन अकादमीचा सभासद. आणि १९२९ ते ३२ मध्ये त्याने ते युद्धाचं ट्रिप्टिक, म्हणजे शेजारी शेजारी तीन फळ्यांचं चित्र, केलं, ज्याचा फोटो तुम्ही छापला. लाकडी फळीवर, जुन्या जर्मन मास्टरांच्या पद्धतीनं, आधी टेम्परा मग वरून तेलरंगाचे पातळ पारदर्शक थर, ग्लेझिंग. डावीकडे पहाटेच्या धुक्यात सैनिक निघालेत, मध्ये उद्ध्वस्त खंदक आणि वर लोखंडी गजावर लटकलेलं प्रेत बोट दाखवतंय, उजवीकडे एक जण जखमी सोबत्याला ओढून नेतोय, तो ओढणारा डिक्स स्वतः. चर्चमधल्या वेदीच्या चित्रासारखी रचना, पण देव कुठेच नाही. १९३२ ला बर्लिनला लावलं होतं, जेमतेम तेवढंच.

जानेवारी १९३३ ला हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये, सरकारी नोकरांचा नवा कायदा आला त्याच सुमारास, डिक्सला काढून टाकलं. कारण काय दिलं ते बघा. त्याच्या चित्रांनी नैतिक भावना दुखावते आणि जर्मन जनतेची लढायची इच्छा कमी होते. शैलीबद्दल अक्षर नाही! कुणी म्हटलं नाही की तुझे हातपाय वाकडे आहेत, ॲनाटॉमी चुकली, पर्स्पेक्टिव्ह चुकला. उलट सगळं बरोबर होतं, तोच प्रॉब्लेम. सैनिक कसा मरतो हे बरोबर दाखवलं तर पुढचा सैनिक कसा भरती होणार?

आणि याच्याहून मजा (मजा म्हणू नये खरं तर) म्हणजे अकादमीचा तेव्हाचा रेक्टर रिचर्ड म्युलर, हा पण चित्रकार, आणि कसला तर पेन्सिलनं केसन् केस काढणारा, एकदम बारीक काम, आपल्या पालकांना दाखवलं असतं तर त्यांनी हात जोडले असते. डिक्सला घालवण्यात हा पुढे होता. त्याच सप्टेंबरात ड्रेस्डेनच्या टाउन हॉलमध्ये ‘कलेतल्या ऱ्हासाची आरसाचित्रं’ अशा अर्थाच्या नावाचं प्रदर्शन भरवलं, चिडवायसाठी, त्यात डिक्सचा ‘खंदक’ आणि ते पांगळे सैनिक दोन्ही. त्यातही हे म्युलर महाराज होते. आणि १९३५ ला त्यांनाच रेक्टरपदावरून काढलं, त्यांच्याही चित्रात काहीतरी आक्षेपार्ह सापडलं म्हणे. एक हुबेहूबवाला दुसऱ्या हुबेहूबवाल्याला घालवतो आणि दोन वर्षांत स्वतः जातो, तुमच्या लेखात ही चांदी कुठे बसते सांगा.

असे आणखी आहेत. राडझिविल नावाचा चित्रकार स्वतः नाझी पार्टीत गेला, १९३३ ला ड्युसेलडॉर्फला प्रोफेसर झाला, १९३५ ला हाकलला. श्रिम्फ, शांत शांत खिडकीत बसलेल्या बायका आणि डोंगर काढायचा, याला तर हिटलरचा उजवा हात रुडोल्फ हेस याची पसंती होती असं सांगतात, तरी १९३७ ला नोकरी गेली. एकेकाळी डाव्या लोकांत होता एवढं पुरलं.

चांदी झाली नाही असं नाही, झाली, काही जणांची झाली. आडोल्फ त्सीगलर हे त्यातलं मोठं नाव. हा पण वास्तववादी, गुळगुळीत नग्न बायका काढायचा, इतक्या बारकाईनं की लोक मागे त्याला जर्मन ‘तिथल्या’ केसांचा मास्टर म्हणायचे, पेपरात याहून स्पष्ट लिहवत नाही. त्याचं ‘चार तत्त्वं’ नावाचं चित्र हिटलरच्या म्युनिकच्या ऑफिसात शेकोटीच्या वर लागलं होतं. ते पण ट्रिप्टिकच! माझ्याकडे दोन्हींचे प्रिंट आहेत, शेजारी शेजारी ठेवून बघितले. दोन्हीकडे ड्रॉइंग पक्कं, दोन्हीकडे जुन्या मास्टरांचा अभ्यास, दोन्हीकडे तीन पॅनेल. एकात चार बायका बाकावर बसल्यात आणि त्यांच्या अंगाला घाम नाही, वास नाही, वय नाही. दुसऱ्यात सगळं वासच आहे. आता यातलं वास्तववादी कोणतं हे तुमच्या लेखकानं सांगावं. मी वर्गात असतो तर त्सीगलरला तंत्राचे मार्क दिले असते आणि निरीक्षणाचे कापले असते.

हा त्सीगलर नाझींच्या कला चेंबरचा अध्यक्ष होता आणि १९३७ ला म्युझियममधून चित्रं उचलायची मोहीम त्याच्याच हाताखाली झाली. एकट्या डिक्सची अडीचशेच्या वर कामं उचलली, २६० चा आकडा देतात. १९ जुलै १९३७ ला म्युनिकला ‘अधःपतित कला’ प्रदर्शन उघडलं, आदल्याच दिवशी जवळच्या नव्या कोऱ्या इमारतीत सरकारमान्य चित्रांचं प्रदर्शन. अधःपतित बघायला वीस लाख लोक आले म्हणतात, सरकारमान्यपेक्षा कितीतरी जास्त. डिक्सच्या युद्धचित्रांना तिथे पाटी लावली होती ‘रंगवलेली लष्करी घातपातगिरी’ अशा अर्थाची. बघा, परत तेच. मॉडर्न म्हणून नाही, घातपात म्हणून. आणि या त्सीगलरला पण १९४३ ला गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, उचलून दाखाऊच्या छळछावणीत दीड महिना ठेवला, युद्ध हरू असं काहीतरी बोलला म्हणून, मग हिटलरनं सोडवला.

आता मी डिक्सला देव करणार नाही. हा पत्राचा दुसरा भाग आहे आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे एकतर हुतात्मा नाहीतर गद्दार, मधलं काही चालत नाही.

नोकरी गेल्यावर तो बायको-मुलांना घेऊन दक्षिणेला गेला, आधी रांडेग गावच्या एका नातलगाच्या वाड्यात, किल्लाच तो जुना, आणि १९३६ पासून हेमेनहोफेन गावात, बोडेनसी सरोवराच्या काठी स्वतःच्या घरात. समोर पाणी, पाण्यापलीकडे स्वित्झर्लंड. होडीनं जाण्याइतकं. गेला नाही. किती जण गेले, त्याचा चित्रकार दोस्त ग्रोझ अमेरिकेला गेला, हा राहिला. चित्रकाराला विकायचं असेल, लावायचं असेल तर त्या कला चेंबरची मेंबरशिप लागायची, तर त्याने तीही घेतली. आणि निसर्गचित्रं काढायला लागला. झाडं, डोंगर, बर्फ, ढग, जुन्या जर्मन पद्धतीची, अगदी सुंदर. १९३५ ला बर्लिनमध्ये निएरेनडॉर्फच्या गॅलरीत ती लागलीही, लेंक नावाच्या दुसऱ्या लँडस्केपवाल्याबरोबर. मग हे काय, लोटांगण की लपणं? तो स्वतः नंतर म्हणायचा की निसर्गचित्रं काढणं हेच माझं देश सोडून जाणं होतं. आणि असंही म्हणायचा की त्या निसर्गासमोर मी गाईसारखा उभा राहायचो. ज्या माणसाला बर्लिन-ड्रेस्डेनचे कॅफे, नाच, वेश्या, डॉक्टर, वकील, पत्रकार यांचे चेहरे लागायचे त्याला सरोवर काय करायचंय.

माझं मत विचाराल तर बरीच लँडस्केप्स मला कंटाळवाणी वाटतात. पण एक आहे, १९३५ चं, रांडेगच्या ज्यू स्मशानाचं. बर्फ पडलाय, थडगी अर्धी बुडालेली, मागे एक काळा डोंगर, माणूस एकही नाही. बघायला गेलं तर साधं हिवाळ्यातलं निसर्गचित्र, इंटरमिजिएटच्या पोरानं काढावं असा विषय. पण १९३५ आहे, न्यूरेंबर्गचे ज्यूविरोधी कायदे त्याच वर्षीचे, आणि तीन वर्षांनी त्या गावचं सिनेगॉग उडवलं आणि १९४० ला उरलेसुरले ज्यू गावातून गाडीत घालून फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत पाठवले. त्याला पुढचं माहीत नव्हतं, पण ‘मी काहीच बोललो नाही’ असंही ते चित्र म्हणत नाही.

आणि आतल्या खोलीत वेगळंच चाललं होतं. १९३३ लाच ‘सात महापापं’ काढलं, त्यातल्या मत्सराला हिटलरचा मुखवटा. (इथे पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, मिशी युद्धानंतर लावलीय. आधी तिथे मिशी नव्हती. लोक हे सांगत नाहीत कारण गोष्ट रंगत नाही.) १९३४ ते ३६ मध्ये ‘फ्लँडर्स’ काढलं, चिखलात सैनिक असे रुतलेत की माणूस कुठला आणि झाडाचं मूळ कुठलं कळत नाही. हे कुठे लावायची सोय नव्हती. म्हणजे एक माणूस दिवसा सरोवर काढतो आणि मनात खंदक घेऊन बसतो. नोव्हेंबर १९३९ ला म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये हिटलरवर बॉम्बहल्ला झाला, एल्सर नावाच्या सुताराचं काम ते, पण धरपकडीत डिक्सलाही उचलला, काही दिवसांनी सोडला. १९४५ ला त्रेपन्नाव्या वर्षी म्हाताऱ्या-पोरांच्या फौजेत भरती केला आणि फ्रेंचांनी पकडून कोलमारच्या कैदी छावणीत ठेवला. तिथे त्याने छावणीच्या चॅपेलसाठी काटेरी तारेपुढची मॅडोना, म्हणजे येशूची आई मेरी, काढली, परत ट्रिप्टिक! आणि योग असा की कोलमार म्हणजे जुना जर्मन मास्टर ग्रुनेवाल्ड याच्या इझनहाइमच्या वेदीच्या चित्राचं गाव, ज्या चित्रावरून डिक्स आयुष्यभर शिकला.

मी हे सगळं पुस्तकातून बोलतोय असं नाही. माझा मुलगा स्टुटगार्टला गाड्यांच्या कंपनीत आहे, पुण्याहून गेलेली पोरं तिथे इतकी की गणपतीला मोदक मिळतात (मुंबई आणि स्टुटगार्ट सिस्टर सिटीपण आहेत). त्याच्याकडे गेलो तेव्हा तिथल्या काचेच्या चौकोनी म्युझियममध्ये डिक्सचं ‘महानगर’ बघितलं, १९२७-२८ चं, चारेक मीटर रुंद. मध्ये जॅझवर नाचणारे लोक, कडेला पुलाखाली लाकडी पायाचा सैनिक आणि बायका. मुलगा म्हणाला बाबा, एक फोटो काढू, पुढे चला, मी म्हटलं थांब. त्या सैनिकाच्या पायाच्या टोकाशी मी अर्धा तास होतो. दुसऱ्या दिवशी हेमेनहोफेनलाही घेऊन गेला, घराचं आता म्युझियम केलंय. खिडकीतून सरोवर दिसतं आणि पलीकडे स्वित्झर्लंड. मला तिथे गाईचं वाक्य आठवलं आणि हसू आलं, सूनबाई म्हणाल्या काय झालं.

युद्धानंतरची गंमत थोडक्यात सांगतो. पश्चिम जर्मनीत अमूर्ताची फॅशन आली, डिक्स जुना वाटायला लागला. पूर्वेला सरकारला हसरे कामगार पाहिजे होते, ते याला जमेना. तरी दरवर्षी सीमा ओलांडून ड्रेस्डेनला जायचा, लिथोग्राफ छापायला. दोन्हीकडच्या सरकारांनी मानसन्मान दिले आणि कुणीच आपला म्हटला नाही. १९६९ ला गेला.

एक आपल्या इकडचं. त्या राजवटीतून पळालेले लोक मुंबईलाही आले होते. व्हिएन्नाचा लँगहॅमर १९३८ ला आला, टाइम्सचा आर्ट डायरेक्टर झाला, त्याच्या घरी रझा, आरा, हुसेन ही मंडळी बसायची. जर्मनीतून आलेला रुडी फॉन लायडन तर १९३३ पासूनच इथे, पुढे समीक्षा लिहायचा. यावर पुरवणीत एक लेख करा, तो जास्त जवळचा होईल.

राहता राहिला तुमचा फोटो. ते ट्रिप्टिक नाझी काळात ड्रेस्डेनच्या एका मित्रानं लपवून ठेवलं म्हणून वाचलं, आज ड्रेस्डेनलाच आहे. ‘खंदक’ मात्र १९४० नंतर गायब, फक्त काळेपांढरे फोटो उरलेत. जे वाचलंय ते तरी पूर्ण छापा. कारण त्या चित्राला खाली चौथी फळी आहे, आडवी, लांबट, त्यात सैनिक शेजारी शेजारी आडवे पडलेत, झोपलेत की मेलेत ते डिक्सनं सांगितलेलं नाही. तुम्ही नेमकी तीच कापलीत, तिथे प्लॉटची जाहिरात आहे. पुढच्या रविवारी कॅप्शन दुरुस्त करून चित्र परत छापाल का, छोटं असलं तरी चालेल, पण चारही फळ्यांसकट.

आपला,
एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, मिरज